सरासरी मुक्काम

आपले दुकान अस्तित्वात नाही, ही गोष्ट चेनवाल्याला एका सोमवारी सकाळी कळली. त्या वेळी तो त्याच दुकानात बसलेला होता.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली सहा फूट रुंदीची जागा. आत एक टेबल, एक शिवणयंत्र, खिळ्यांना लोंबणाऱ्या रंगीबेरंगी चेनच्या लडी आणि बरण्यांमध्ये मापाप्रमाणे लावून ठेवलेले रनर. रनर म्हणजे चेनवरून खालीवर धावतो तो धातूचा तुकडा. चेन बिघडली असे लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला असतो, हे ज्ञान चेनवाल्याने सव्वीस वर्षांत मिळवले होते. बॅग आणा, जाकीट आणा, पँट आणा, तंबू आणा; पक्कड उचलायची, रनर दाबायचा, दोन मिनिटांत चेन चालू. गिऱ्हाईक उभ्याउभ्या यायचे आणि उभ्याउभ्या जायचे. त्यामुळे दुकानात खुर्ची नव्हती, आणि कुणाला ती कधी लागलीही नव्हती.

तर त्या सोमवारी एक गृहस्थ प्रवासाची बॅग घेऊन दुकानाच्या पाटीखाली येऊन उभे राहिले. बॅगेने आ वासला होता आणि त्यातून एक मोजा बाहेर लोंबत होता. गृहस्थांनी फोन काढला, शोधयंत्राला 'जवळचा चेन दुरुस्तीवाला' असे विचारले, उत्तर वाचले आणि चालू लागले.

"अहो साहेब, या ना! दोन मिनिटांत देतो करून," चेनवाला टेबलामागून ओरडला.

"नको, इथे जवळपास कुणी नाहीये," गृहस्थ म्हणाले. "पाच किलोमीटरवर एक दाखवतंय."

"अहो, मी आहे की इथे!"

गृहस्थांनी एकदा फोनकडे पाहिले, एकदा चेनवाल्याकडे पाहिले. दोघांमध्ये विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न त्यांना फार वेळ पडला नाही. "असाल हो," ते समजुतीने म्हणाले, "पण दाखवत नाही ना." आणि मोजा लोंबकळत ठेवून ते पाच किलोमीटरच्या वाटेला लागले.

त्या आठवड्यात असे चार जण आले आणि गेले. पाचव्याने तर त्या पाच किलोमीटरवरच्या दुकानाचा पत्ता चेनवाल्यालाच विचारला.

इथे मेहुण्याबद्दल सांगणे भाग आहे. चेनवाल्याच्या बायकोचा थोरला भाऊ गाद्यांच्या एका अवाढव्य दुकानाचा मालक होता. त्याला दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'या, स्वागत आहे' म्हणणारा एक भारदस्त माणूस हवा होता, आणि आपल्या भाऊजींइतका भारदस्त आणि रिकामा माणूस त्याच्या पाहण्यात दुसरा नव्हता. "भाऊजी, टाय आमचा. नुसतं दार उघडायचं. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो," तो म्हणाला होता. तो मनाने चांगला होता, हेच तर दुःख. ज्या हातांनी सव्वीस वर्षे लोकांच्या अडकलेल्या गोष्टी सोडवल्या, त्याच हातांनी दाराची मूठ धरून उभे राहायचे, या विचारानेच चेनवाला ताटावरून अर्धवट उठायचा. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक परत आले नाही, तर ते टळणार नव्हते.

"बाबा, वेबसाइट करू," लेक म्हणाली, आणि तिने एका दुपारी ती केलीसुद्धा. वर दुकानाचे नाव, मध्ये पक्कड घेतलेल्या चेनवाल्याचा फोटो, खाली 'चेन दुरुस्ती. दोन मिनिटांत.' आणि त्याखाली फोन नंबर, चेनवाल्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.

"फोटोत तुम्ही हरवल्यासारखे दिसताय," बायको म्हणाली.

"मग बरंच आहे, शोधतील लोक," लेक म्हणाली.

लोकांनी शोधले नाही. शोधयंत्राने चेनवाल्याला एकेचाळिसाव्या पानावर ठेवले होते. एकेचाळिसाव्या पानापर्यंत जो माणूस जातो, तो चेन दुरुस्त करायला जात नाही. आयुष्यात करण्यासारखे दुसरे काही उरले नाही म्हणून जातो.

छोट्या व्यावसायिकांची ही अडचण ओळखून नगरपालिकेने 'लघुव्यवसाय दृश्यता कक्ष' स्थापन केला होता. तो तळघरात, जिन्याखाली होता. चेनवाला तो तीन वेळा ओलांडून गेला आणि चौथ्या वेळी त्याच्या दाराला धडकला. आत दृश्यता अधिकारी मॅडम बसल्या होत्या. त्यांनी चेनवाल्याचे पान उघडले आणि डॉक्टर लोक वाईट बातमी देताना करतात तसा चेहरा केला.

"तुमचा सरासरी मुक्काम नऊ सेकंद आहे."

"म्हणजे काय, मॅडम?"

"माणूस तुमच्या पानावर येतो, नऊ सेकंद थांबतो आणि निघून जातो. शोधयंत्राला वाटतं, काहीतरी भयंकर दिसलं म्हणून पळाला."

"अहो, फोन नंबर बघून गेला असेल. तेवढाच तर हवा असतो त्याला."

"इथेच तुमचं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "त्याला हवं ते तुम्ही लगेच देऊन टाकलंत. मिळाल्यावर कशाला थांबेल तो?"

चेनवाल्याला हे पटले नाही. पण मॅडमच्या मागे भिंतीवर एक आलेख होता, आणि आलेखापुढे भल्याभल्यांचे काही चालत नाही. फोन नंबर पानाच्या तळाशी न्यावा आणि वर 'अभ्यागतास गुंतवून ठेवणारा मजकूर' द्यावा, असा आदेश निघाला. विषयही कक्षानेच नेमून दिला: चेन का अडकते.

चेनवाल्याने प्रामाणिकपणे लिहिले. 'कारण पहिले: रनर सैल होतो. कारण दुसरे: मध्ये कापड येते.' दुसऱ्या दिवशी कागद लाल शाईने माखून परत आला.

"दोनच?" मॅडम म्हणाल्या. "दोन कारणांत माणूस कितीसा थांबेल? सत्तावीस लागतात."

"सत्तावीस कारणं नाहीयेत हो, मॅडम. सव्वीस वर्षांत मला तिसरं सापडलं नाही."

"शोधलं नसेल."

मग घरातली तिघेही जमिनीवर बैठक मारून कारणे शोधायला बसली. आठपर्यंत कशीबशी ओढत नेली. नववे कारण 'गंज' निघाले तेव्हा तिघांना स्वतःचा अभिमान वाटला. त्यानंतर मात्र लगाम सुटला. कारण बारावे: हवामान. कारण सोळावे: घाई. कारण सतरावे: घाई नसणे. कारण एकोणिसावे: मनाची द्विधा अवस्था, ज्यात बॅग उघडायची आहे की बंद करायची हेच माणसाचे ठरलेले नसते. कारण तेविसावे: शेजारी. बायको हसून हसून आडवी झाली, लेकीला उचकी लागली, आणि चेनवाल्याला कितीतरी दिवसांनी आपले घर घरासारखे वाटले. मुक्काम एक मिनिट चाळीस सेकंदांवर गेला. शोधयंत्राने त्याला सतराव्या पानावर आणले.

पण प्रगती झाली की तपासणी येते. मॅडम स्वतः दुकानात आल्या आणि दाराशी उभ्या राहून घड्याळ लावून बसल्या. म्हणजे बसल्या नाहीत, खुर्ची नव्हती. नेमकी हीच नोंद त्यांनी पहिली केली.

"गंभीर विसंगती आहे," त्या म्हणाल्या. "पानावर माणूस पावणेदोन मिनिटं वाचतो आणि दुकानात दोन मिनिटांत बाहेर पडतो. लोकांच्या खिशातले फोन हे सगळं शोधयंत्राला सांगतात. चांगल्या दुकानात माणूस चाळीस मिनिटं असतो."

"पण काम दोन मिनिटांचं आहे!"

"कामाला दोन लागू द्या ना. माझी काही हरकत नाही. उरलेली अडतीस कुठायत?"

उरलेल्या अडतीस मिनिटांसाठी कक्षाने एक अर्ज दिला: 'ग्राहक-पूर्वेतिहास प्रपत्र', प्रश्न एकूण चौसष्ट. दुकानात दोन खुर्च्या आल्या. सहा फुटांतल्या दोन फुटांत त्या मावल्या, उरलेल्या जागेत टेबल आणि चेनवाला मावला, गिऱ्हाइकाचे पाय बाहेर रस्त्यावर राहिले.

अर्ज आल्यानंतरचे पहिले गिऱ्हाईक म्हणून एका शाळेचे मुख्याध्यापक आले. ते तिरके चालत आले. पोटापाशी त्यांनी हजेरीपट दोन्ही हातांनी धरला होता आणि तो ते काही केल्या खाली घेईनात.

"चेन," ते हळूच म्हणाले. "पँटची. अडकलीय, उघडीच. दहा मिनिटांत शाळेत बक्षीस समारंभ आहे आणि मला व्यासपीठावर उभं राहायचंय. दोन मिनिटांत होईल ना?"

"दुरुस्तीला दोनच," चेनवाला खालमानेने म्हणाला. "त्याआधी अडतीस. बसा, सर. आपला चेनशी पहिला संबंध कोणत्या वयात आला?"

"काय?"

"बरं, पुढचा घेऊ. घरात इतर कुणाची चेन अडकल्याचा इतिहास?"

"अहो, सेफ्टी पिन असेल तर द्या नुसती!"

"पिन नाही देता येत, सर. पिन पाच सेकंदांत लागते."

मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आले. पाचशे मुलांना रोज धाकात ठेवणारा तो माणूस हजेरीपटाआड इतका लहान झाला होता की चेनवाल्याला तिसरा प्रश्न वाचवेना. त्याचा हात आपोआप पक्कडीकडे गेला. एक दाब, एक झटका, आणि चेन वर. मुख्याध्यापक चौथ्याच मिनिटाला रस्त्यावरून सरळ पळत सुटले आणि पळता पळताच त्यांनी फोनवरून दुकानाला पाच तारे दिले.

हे पाच तारे महागात पडले. त्याआधीच्या तेरा जणांनीही पाचच दिले होते, आणि सगळीच माणसे समाधानी आहेत हे शोधयंत्राला संशयास्पद वाटले. असे जगात कुठे होत नाही. कक्षाने नोटीस काढली: 'पानावर किमान एक अस्सल नाराज अभिप्राय आठ दिवसांत सादर करावा. बनावट नाराजी आढळल्यास पान काढून टाकण्यात येईल.'

चेनवाल्याने कपाळाला हात लावला. अस्सल नाराज माणूस आणायचा कुठून? त्याने मागची गिऱ्हाइके आठवून पाहिली, दोघांना तर विनवूनही पाहिले. कुणी तयार होईना.

"मी लिहिते," बायको म्हणाली.

"तू? तुला काय तक्रार आहे?"

बायकोने त्याच्याकडे इतक्या शांतपणे पाहिले की लेक पाणी प्यायला आत निघून गेली.

अभिप्राय असा होता: 'एक तारा. हा माणूस जगाच्या अडकलेल्या गोष्टी दोन मिनिटांत सोडवतो. आमच्या घरातला नळ चार वर्षे गळतोय. नळाचे सांगितले की हा "हं" म्हणतो. त्या "हं"चे सात प्रकार आहेत. पहिला, ऐकले नाही याचा. दुसरा, ऐकले पण विसरणार याचा. तिसरा, तू बोलत राहा याचा. चौथा, आत्ता तू काय म्हणालीस याचा…' असे सातव्या प्रकारापर्यंत गेल्यावर शेवटी लिहिले होते, 'माझ्या स्वतःच्या पर्सची चेन तीन वर्षे तुटलेली आहे. मी पिन लावून फिरते. विचारा कुणालाही.'

चेनवाल्याने ते दोनदा वाचले. त्याला खरेच वाईट वाटले. चौथा प्रकार आपण करतो हे त्याला माहीतच नव्हते. त्याने खुंटीवरची पर्स घेतली आणि रनर बदलला. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बायकोने चेन तीनदा उघडली, तीनदा लावली आणि तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "पर्स दुरुस्त केलीत असं कळलं. मग अभिप्राय खोटा ठरतो. ती पुन्हा तोडा."

"अहो, अशी कशी तोडू?"

"पक्कड आहे ना तुमच्याकडे?"

चेनवाल्याने पर्स तोडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चांगली चालणारी चेन हाताने बिघडवली, आणि त्या दिवशी तो जेवला नाही. बायको म्हणाली, "असू दे हो, तीन वर्षं चाललं, आणखी चालेल." हे ऐकून त्याला अधिकच लाज वाटली.

पानाने मात्र उचल खाल्ली. कुणा एका बाईने ते सात प्रकार मैत्रिणींना पाठवले, मैत्रिणींनी बहिणींना पाठवले. चार दिवसांत चार हजार बायकांनी खाली लिहिले, 'आमच्याकडेही हेच.' पुष्कळजणींनी आठवा प्रकार सुचवला, त्यावर वाद झाला, नवव्यावर मतदान झाले. सरासरी मुक्काम अकरा मिनिटांवर गेला. शोधयंत्राने चेनवाल्याला उचलून पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर आणून बसवले.

'नवरा ऐकत नाही' या शोधासाठी.

"आणि चेन दुरुस्ती?" चेनवाल्याने तळघरात जाऊन विचारले.

"त्यातून तुम्हाला वगळलंय. एका पानाला एकच वर्ग मिळतो, आणि तुमच्या पानावर आता चेनबद्दल एक टक्कासुद्धा मजकूर नाही." मॅडमनी उठून त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन! तुम्ही दिसू लागलात."

"पण मॅडम, गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही. तो वेगळा कक्ष आहे."

दुकानापुढे आता गर्दी असायची. बायका नवऱ्यांना हाताला धरून आणायच्या आणि चेनवाल्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बघा, हेच ते." नवरे म्हणायचे, "हं." मग सगळ्या बायका खो खो हसायच्या आणि फोटो निघायचे. दोन खुर्च्या पुरेनात म्हणून बाकडे आले. एक जोडपे तर डबा घेऊन आले होते. बायको या गर्दीत मोठ्या ऐटीत उत्तरे द्यायची. तिची सही घेणाऱ्यांची रांग वेगळी लागायची. अशा रेटारेटीत तुटलेली चेन घेऊन आलेला एखादा माणूस लांबूनच मागे फिरायचा. महिना संपला तेव्हा दुकान शहरातले सगळ्यांत प्रसिद्ध दुकान होते, आणि तिथे अकरा दिवसांत एकही चेन दुरुस्त झाली नव्हती.

पहिल्या तारखेला चेनवाला टाय बांधून मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"हसा थोडं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. चेनवाला थोडे हसला. ते पाहून मेहुणा म्हणाला, "नको, राहू द्या."

दोन दिवस त्याने दार उघडले आणि दार लावले. तिसऱ्या दिवशी एक बाई आणि तिचा भाऊ एक जुनी गादी बदलून मागायला आले. गादी उत्तम होती, फक्त खोळीची चेन अडकली होती. चेनवाल्याला राहवेना. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, गाद्यांच्या थप्पीआड खोळ ओढून नेली आणि खिशातून पक्कड काढली. ती त्याने सोबत का आणली होती हे त्याने स्वतःलाही विचारले नव्हते. दोन मिनिटांत चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत सुर्रकन गेली. बाई हरखली. चेनवाला तर असा खुलला की टाय खांद्यावरून पाठीवर गेल्याचे त्याला कळलेही नाही.

दुकानात सहाशे गाद्या होत्या. प्रत्येक गादीला खोळ, प्रत्येक खोळीला गजभर चेन. त्या बाईने शेजारणीच्या कानात सांगितले, शेजारणीने आणखी कुणाच्या. हळूहळू बॅगा आल्या, जाकिटे आली, मुख्याध्यापक आले. लोक गादी दाबून पाहिल्यासारखे करत थप्पीआड जायचे आणि दोन मिनिटांत बाहेर पडायचे. मेहुण्याला वाटायचे, गर्दी वाढली, स्वागत चांगले होतेय. बायकोची पर्सही एका दुपारी थप्पीआडून दुरुस्त होऊन घरी गेली, आणि या वेळी तिने कुणापाशी चकार शब्द काढला नाही. कुणी कुठे लिहीत नव्हते. कुणी तारे देत नव्हते. कुणी क्षणभर जास्त रेंगाळत नव्हते, त्यामुळे तळघरातल्या आलेखावर त्या जागेचा ठिपकासुद्धा उमटला नव्हता. चेनवाला उभ्या आयुष्यात इतका सुखी नव्हता. हे सुख टिकायला एकच अट होती: त्याच्यापाशी कुणी थांबता कामा नये.

आणि तुम्ही बघा, केव्हापासून थांबला आहात. सत्तावीस कारणांपाशी रेंगाळलात, मुख्याध्यापकांना हसलात, त्याच्या बायकोने सांगितलेले "हं"चे प्रकार घरातल्या कुणालातरी लावून पाहिलेत. त्याची पक्कड तुम्हाला एकदाही लागली नाही, तरी थप्पीच्या मागे येऊन डोकावलात. याची नोंद झाली आहे. मुक्काम उत्तम आहे, मॅडम खूश आहेत, आणि उद्या सकाळी दहा वाजता त्या दोन खुर्च्या घेऊन गाद्यांच्या दुकानात येत आहेत.

दुसऱ्याच ओळीला पान उलटले असते, तर सुटला असता बिचारा.